बाईंचा अंगठा

समोरच्याचं वाक्य संपायची वाट बाईंनी कधी पाहिली नाही. आपण "बाई, उद्या मला जरा उशीर..." एवढं म्हणेपर्यंत त्यांचं "उशीर झाला तर चहा मिळणार न्हाय, आणि येताना माझ्या गोळ्या आणा" सुरू झालेलं असायचं. त्यांचं ते चालू, आपलंही उरलेलं वाक्य चालू. नवल म्हणजे त्यांना आपला शब्दन्‌शब्द ऐकू आलेला असायचा. आपण शेवटी पुटपुटलेल्या गोष्टीचंसुद्धा उत्तर मिळायचं. पहिल्या भेटीत मला हे भलतंच अपमानास्पद वाटलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात सोलापुरातल्या निम्म्या समारंभांचं सूत्रसंचालन करतो. मी माइक हातात घेतला की लोक गप्प बसतात, निदान मोबाइलचा आवाज तरी कमी करतात. आणि ही सत्तरीच्या पुढची बाई माझ्या बोलण्यावर बोलत होती.

बाई मूळच्या वैरागच्या. माहेरी देवळाची पूजा. लग्न होऊन सोलापुरात आल्या तोवर झांज आणि नगारा सोडून दुसरं वाद्य त्यांनी जवळून पाहिलेलं नव्हतं. नवरा कापड विणायच्या यंत्रांचा इंजिनिअर. कंपनीनं त्याला जर्मनीतल्या एका लहानशा गावात पाठवलं आणि बाईंची ऐन उमेदीची वर्षं तिकडं गेली. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे वादक राहायचे. "नवरा दिवसभर यंत्रापाशी, बाहेर बर्फ, बोलायला माणूस न्हाय. वेड लागायच्या आत जिना उतरले," असं त्या सांगायच्या. तो जिना उतरून त्या ल्यूट शिकल्या. ल्यूट म्हणजे तारा छेडून वाजवायचं वाद्य. पोट उभ्या चिरलेल्या भोपळ्यासारखं, आणि मान टोकाला एकदम मागे मुरडलेली. नवरा गेल्यावर बाई जुळे सोलापूर नावाच्या शहराच्या नव्या भागात येऊन राहिल्या, तेव्हा शेजारपाजारचे हळहळून विचारायचे, "विमानात मोडली का हो मान?" बाई म्हणायच्या, "जन्मतःच हाय तशी."

ह्या वाद्यावर बाई जे वाजवायच्या ते आपल्याकडे सहसा कुणी वाजवत नाही. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात वादक समोर कागद न ठेवता, आयत्या वेळी, एकाच वाद्यावर दोन चाली एकदम रचायचे. अंगठा खालच्या जाड तारांवर एक चाल चालवणार आणि बोटं वरच्या बारीक तारांवर दुसरी. दोन्ही चाली आपापल्या वाटेनं जाणार, दोघींचं म्हणणं वेगळं, आणि तरी एकत्र ऐकल्या की कान सुखावणार. इंग्रजीत त्याला काउंटरपॉइंट म्हणतात. बाई नुसतं "दोन आवाज" म्हणायच्या. खालचा आवाज आणि वरचा आवाज.

मला हे कळलं ते मोबाइलवर. एक गोरा माणूस असलं वाजवत होता आणि खाली लिहिलं होतं की हे सगळं आत्ता, इथल्या इथं सुचलेलं आहे. मी मांडीवर थाप मारून सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, "हे तर आपलंच आहे. आयत्या वेळी सुचणं म्हणजे आपल्या रक्तातली गोष्ट." मी तरुणपणी सतार शिकलो होतो. गिटारही वाजवतो. लग्नकार्यात आग्रह झाला तर वाजवतो, आणि नाही झाला तर होईल अशी व्यवस्था करतो. सुनंदा म्हणाली, "आपलं म्हणजे कुणाचं? तुमची सतार माळ्यावर हाय." पण मी ऐकणार थोडाच. गिटारच्या तारा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारालाही ते वादन दाखवलं, तर तो म्हणाला, "सर, तसलं वाजवणारी एक म्हातारी जुळे सोलापुरात हाय की. पण लई कडक हाय." मला कडक माणसं जिंकायची सवय आहे, निदान त्या वेळी तसा समज होता.

बाईंच्या घरात एकच कूलर होता आणि तो ल्यूटसाठी होता. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये त्या वाद्याचं पातळ लाकूड चिरतं, म्हणून त्याला सतत ओल लागायची. ल्यूट आतल्या खोलीत कूलरसमोर, शेजारी पाण्याचा माठ, माठावर ओला टॉवेल. आम्ही बाहेरच्या खोलीत पंख्याखाली घामाघूम. मी पहिल्या दिवशी सहज आतल्या खोलीत खुर्ची सरकवली तर बाई म्हणाल्या, "तिथं नको. तुमच्या अंगाची धग लागंल त्याला."

मी माझा परिचय द्यायला सुरुवात केली. परिचय द्यायला मला साधारण पंधरा मिनिटं लागतात, इतरांचा असो वा माझा. मी माझ्या सतारीच्या गुरूंपर्यंत येईतो बाईंनी आपला उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजून वर आला होता. मनगटाला पट्टा होता. "हा गेला," बाई म्हणाल्या. "सांध्याचं दुखणं. खालचा आवाज ह्याच्याकडं होता. बोटं अजून चालतात. डॉक्टर म्हणतो, तीपण जातील, सावकाश. ती जायच्या आत मला एकदा दोन आवाजांत वाजवायचंय. आधी काही न ठरवता, सुरुवातीपासनं शेवटापर्यंत, मधे न थांबता. एकदाच. तुम्ही माझा अंगठा व्हा."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून भरून आलं असतं. मला वाटलं, गुरूला योग्य शिष्य सापडला. घरी जाऊन मी तसंच सांगितलं. शिष्याचा अंगठा मागणारे गुरू पुराणात ऐकले होते, सबंध शिष्याचा अंगठा करणारी गुरू ही पहिलीच, असंही एक वाक्य मी पुढच्या भाषणासाठी तयार करून ठेवलं. सुनंदानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे गाणं त्या वाजवणार आणि तुम्ही खाली धुम धुम करणार?" मी म्हटलं, ते तात्पुरतं. थोड्याच दिवसांत त्या मला वरच्या आवाजात घेतील.

पहिला धडा माझ्या गिटारवर, चार सुरांचा. सा, नी, ध, प असं एकेक पायरी खाली यायचं, पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरायचं. एवढंच. बाई वर आपल्या बोटांनी काय सुचेल ते वाजवणार. मी पहिल्या फेरीला उतरलो, दुसऱ्या फेरीला निषादावर मींड घेतली, तिसऱ्या फेरीला धैवताला थोडं आंदोलन दिलं. चौथ्या फेरीला मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बाई वर्तमानपत्र वाचत होत्या. "झालं का?" त्या म्हणाल्या. "जिना मागितला तर तुम्ही प्रत्येक पायरीवर बसून फोटो काढताय."

बाईंचा सगळ्यांत मोठा नियम असा, की दोन आवाजांनी बरोबर चालायचं पण पावलावर पाऊल टाकायचं नाही. वरचा आवाज एक घर चढला आणि खालचाही तेवढंच चढला, की दोन माणसं असून एकच असल्यासारखं ऐकू येतं. मला हे पटत नव्हतं. आपल्याकडे साथ करणारा गायकाच्या मागे मागे जातो आणि त्याबद्दल त्याला शाल मिळते. बाईंनी मला स्वयंपाकघरातून समजावलं. "एका चुलीवर दोन जावा असतात की नाही? एकीनं भाकरी थापली तर दुसरीनं आमटी बघायची. दोघींनी आमटीत मीठ घातलं की आमटी गेली." त्यानंतर मी चुकलो की त्या "मीठ" एवढंच म्हणायच्या. पहिले काही महिने त्या खोलीत एवढं मीठ पडलं की विचारू नका. सुनंदाला मी कौतुकानं हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही स्वयंपाकघरात कधी आलात म्हणून कळणार?"

माझा खरा घात केला तो तिहाईनं. सतारीवर शेवट करायचा तर एकच तुकडा तीनदा वाजवून नेमका समेवर यायचं, ही सवय हाडात मुरलेली. बाईंच्या संगीतात तसं काही नसतं, दोन्ही आवाज हळूहळू एकमेकांजवळ येतात आणि टेकतात. पण शेवट जवळ आला असा वास आला की माझा हात आपोआप तिहाईवर जायचा. धा तिरकिट धा म्हणत मी तीनदा तो तुकडा ठोकायचो, समेवर मान टाकायचो आणि हात हवेत नेऊन थांबायचो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बाईंनी दाराकडे पाहिलं. "कोण आलंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, कुणी नाही. "मग एवढं कुणाला दाखवताय? अहो, तुम्ही तीनदा दार आपटून भायेर पडला. मी आतच हाय की अजून."

आणि एक दोष होता, तो मला गुण वाटायचा. ह्या संगीतात वरचा सूर एका जागी थांबतो आणि खालचा त्याच्या पायाखालून सरकतो. त्या क्षणी दोघं एकमेकांना टोचतात, कानाला खुपतं, मग वरचा एक घर खाली येतो आणि सगळं मोकळं होतं. बाईंचा जीव त्या टोचण्यात होता. मी मोहोळचा माणूस. पाहुण्याला त्रास झालेला आम्हाला बघवत नाही. टोचायची वेळ आली की मी खालून हळूच दुसरा सूर द्यायचो, बाईंना सोयीचा. मला वाटायचं, त्या मनातल्या मनात माझ्या समजूतदारपणाचं कौतुक करत असतील. एके दिवशी त्यांनी ल्यूट मांडीवर आडवी ठेवली. "सर, मला जागा करून देऊ नका. मी एस.टी.त बसले न्हाय. तुम्ही तुमच्या वाटेनं सरका. टोचलं तर मी बघून घेईन." आणि म्हणाल्या, "हितं सगळे माझ्यासाठी जागाच करून देतात. पोरगी, डॉक्टर, शेजारी. कंटाळा आलाय त्याचा."

दरम्यान माझी प्रगती गावाला कळावी असं मला वाटायला लागलं. ज्येष्ठ नागरिकांच्या एका स्नेहमेळाव्याचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मध्ये दहा मिनिटं रिकामी होती, म्हणजे मीच ठेवली होती. मी तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक संगीत, युरोप, प्रतिभा वगैरे प्रस्तावना करून गिटार घेतली आणि माझा खालचा आवाज वाजवायला लागलो. वरचा आवाज अर्थातच नव्हता, तो बाईंकडे. पण मला तो मनात ऐकू येत होता, त्यामुळे मी रंगून गेलो. बराच वेळ वाजवल्यावर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून स्टेजजवळ आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "सर, जुळवून झालं असंल तर सुरू करायचं का? जेवणं खोळंबली." मी माइकवर म्हणालो की झालंच, आणि एक भावगीत वाजवून उतरलो. त्याला टाळ्या पडल्या.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा खळखळून हसताना पाहिलं. डोळे पुसत म्हणाल्या, "म्हंजे चांगलं वाजवलंत. नुसता खालचा आवाज ऐकून माणसाला वाटलं पायजे, की अजून कोणीतरी यायचंय." मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही बाई मला आवडते. तोवर मी त्यांच्याकडे हट्टानं जात होतो, त्यानंतर त्यांच्यासाठी जायला लागलो.

हिवाळा बाईंच्या बोटांना सोसायचा नाही. सकाळी त्या गरम पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसायच्या आणि ऊन खिडकीतून आत आलं की ल्यूट घ्यायच्या. अनामिका आता वाकत नव्हती. मधलं बोट कधी ऐकायचं, कधी नाही. त्यांची मुलगी मंजिरी हैदराबादला असते. ती दर आठवड्याला फोन करून "आई, आता इकडं ये" म्हणायची आणि बाई तिच्या वाक्यावरच "येते की, एवढं एक होऊ दे" म्हणायच्या. ते एक म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. आमचं एकही वादन शेवटापर्यंत गेलेलं नव्हतं. कुणीही चुकलं की बाई थांबायच्या, आणि चुकणारा कोण हे सांगायला नको.

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरलेली असतानाची सकाळ. बाई म्हणाल्या, बोटं बरी आहेत. मी चार सुरांनी सुरुवात केली. त्या वर आल्या, आणि काय सांगू, त्या दिवशी सगळं जुळत गेलं. मी जागा करून दिली नाही. मीठ पडलं नाही. टोचायचं तिथं टोचलं, सुटायचं तिथं सुटलं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा एखाद्या तरुण मुलीसारखा झाला होता. आता उतरण लागली होती. दोन्ही आवाज एकमेकांजवळ यायला लागले. चार-सहा सुरांचं अंतर राहिलं. तेवढ्यात बाईंनी वर एक असा सूर घेतला की माझ्या तोंडून "वाऽ" निघून गेलं. मनापासून, मोठ्यानं, मान डोलावून. आणि दाद देताना अर्थातच माझा हात थांबला.

बाईंनी डोळे उघडले. "कोण म्हणलं?"

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही वाजवत होता ना?"

"हो."

"मग श्रोता कोण होता?"

इतक्या वर्षांच्या मैफलींनी जिभेला लावलेलं वळण. चांगलं ऐकलं की दाद द्यायची, नाही दिली तर असभ्यपणा. पण ज्याला खाली उभं राहून भार सांभाळायचा असतो, त्यानं टाळ्या वाजवायला हात सोडायचे नसतात. मी म्हटलं, बाई, पुन्हा घेऊ. त्यांनी बोटांकडे पाहिलं, दोनदा तारांवर टेकवली आणि उचलून घेतली. "आज एवढंच होतं त्यांच्यात," म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती बोटं नंतर तशी चालली नाहीत. होळीच्या सुमारास मंजिरी गाडी घेऊन आली. सामान बांधून झालं. कूलर शेजाऱ्यांनी नेला. गाडीत बसायच्या आधी बाईंनी मला समोर बसवलं आणि ल्यूट घेतली. मी चार सूर उतरलो, त्यांनी वर दोन सूर घेतले, तिसऱ्याला बोट तारेवरून नुसतं घसरलं. आवाजच आला नाही. मी थांबलो. त्याही थांबल्या. मंजिरी दारात उभी होती, तिनं तोंड फिरवलं. "राहिलं," बाई म्हणाल्या, आणि पेटीत ल्यूट ठेवायला लागल्या. मला मनात कुठंतरी वाटत होतं की त्या ती मला देतील. अशा प्रसंगी देतात, मी अशा प्रसंगांचं निवेदन केलेलं आहे. बाईंनी पेटीची कडी लावून ती मंजिरीकडे दिली आणि मला म्हणाल्या, "बघताय काय? ती माझी हाय. वाजवता येवो न येवो." मी पेटी गाडीपर्यंत उचलून नेली. गाडी वळली आणि मी त्या मोकळ्या घरासमोर चांगला रडलो. शेजारचे पाणी घेऊन आले.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर बाईंचं कपाळ आणि वर छताचा पंखा. "गिटार घ्या," म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, पण तुमची बोटं..." मी वाक्य पुरं करायच्या आतच नेहमीप्रमाणे उत्तर सुरू व्हायला हवं होतं. ते थोडं उशिरा आलं, कारण मध्ये फोन होता. "बोटं गेली. गळा हाय की अजून."

बाईंना मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज देवळातल्या आरतीत मागून एखादी म्हातारी गाते तसा, जाड आणि थोडा फाटका. पण सुराला पक्का. मी चार सूर उतरलो. त्या वर आल्या, आणि सगळं विसकटलं. मी निषादावर असलो की त्यांचा सूर मागच्या षड्जाला शोभणारा. मला वाटलं, वय झालं, बाई मागे पडतायत. मी समंजसपणे जरा थांबून त्यांना गाठू दिलं. त्या त्याहून सावकाश झाल्या. मी आणखी थांबलो. असं एकमेकांची वाट पाहत आम्ही इतके हळू झालो की शेवटी दोघंही गप्प बसलो आणि एकमेकांच्या कपाळाकडे पाहत राहिलो. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच.

मग एक दिवस बाईंनीच ते ओळखलं. गणित त्यांना आधीपासून यायचं, मला सभेपुढे बोलायला यायचं. त्या म्हणाल्या, "सर, तुमचा सूर हितं पोचायला वेळ लागतो. तो आला की मी त्याच्यावर गाते. माझ्याकडं बरोबर बसतो तो. पण माझा सूर परत तुमच्याकडं जाईपर्यंत तुम्ही पुढं गेलेले असता. म्हणून तुम्हाला मी मागं वाटते. मी मागं न्हाय. तुम्ही माझी वाट बघू नका."

"पण बाई, मग इथं सगळं बेसूर ऐकू येईल."

"येऊ द्या. तुमच्याकडं येऊ द्या. माझ्याकडं नीट यायला पायजे."

म्हणजे मी करायचं होतं ते एवढंच, की खालचा आवाज न डगमगता चालवायचा. कानावर काय पडेल त्याकडे लक्ष द्यायचं नाही. आयुष्यभर मी समोरच्याचा चेहरा बघून वाक्य बदलत आलेला माणूस. लोक कंटाळले की विनोद, गहिवरले की कविता. आता समोरून येणारा प्रत्येक सूर मला सांगत होता की तू चुकतोयस, आणि मला सरळ चालत राहायचं होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही बसलो. मी उतरलो. बाई वर आल्या, उशिरा, नको तिथं. मी चालत राहिलो. माझ्या खोलीत जे चाललं होतं ते अगदी कर्कश होतं. सुनंदा येऊन दाराशी उभी राहिली, हातानं "काय हे" असं विचारलं, आणि मी मान हलवली नाही म्हणून दार लोटून गेली. मी पडद्याकडेही पाहिलं नाही, पाहिलं असतं तर थांबलो असतो. नुसती तार, अंगठा, पुढची पायरी. शेवटाची उतरण आली. मी टेकलो. माझा शेवटचा सूर विरला, त्याच्यानंतर, सगळं संपल्यावर, बाईंचा शेवटचा सूर एकटाच माझ्या खोलीत आला आणि थांबला.

मग बाई म्हणाल्या, "झालं." पुन्हा म्हणाल्या, "पुरं झालं, सर." त्यांचा आवाज नीट लागत नव्हता. मी काहीतरी बोलायला लागलो, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं.

त्यानंतर पावसाळाभर आम्ही दर रविवारी बसायचो. बाई दर वेळी नवं काहीतरी गायच्या, असं मला वाटतं. मी खाली चालत राहायचो. इकडे सुनंदानं रविवारचा बाजार त्याच वेळेला ठेवला.

बाई दिवाळीनंतर गेल्या. मी हैदराबादला गेलो तेव्हा मंजिरीनं चहा दिला आणि माझ्याजवळ येऊन बसली. "काका," ती म्हणाली, "तुम्ही दोघं काय सुंदर करायचात. मी स्वयंपाक टाकून ऐकत बसायची. आई असं काही वर जायची आणि तुम्ही खाली असे ठाम, एक सूर इकडचा तिकडं नाही. मला वाटतं, तेवढ्यासाठीच ती राहिली होती."

मी म्हटलं, "हो. छानच व्हायचं." मी ते एकदाही ऐकलेलं नव्हतं.